हिरव्या बटणावरचं बोट

माझी आत्या शिवणकाम करायची आणि गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणण्याबद्दल तिची ख्याती होती. "नाही, एवढ्या कापडात होणार नाही." "नाही, हा रंग तुम्हाला खुलत नाही, दुकानात परत करून या." "नाही, उद्या मिळणार नाही. परवा मिळेल, आणि परवा म्हणजे परवा." बायका चिडायच्या, जिना उतरताना तिच्या नावाने बोटं मोडायच्या आणि पुढच्या खेपेला नवं कापड घेऊन तिच्याच दारात उभ्या राहायच्या. कारण तिच्या हातचा कपडा अंगावर बसायचा. आई तिला फटकळ म्हणायची. मला मात्र घरात तीच एक अशी वाटायची की जिला काही विचारलं तर खरं उत्तर मिळेल.

हे आधी सांगून ठेवलं, कारण पुढे जे झालं ते याच बाईचं झालं. ते आठवलं की मला आजही शिसारी येते आणि ती मी लपवणार नाही. माझ्या वडिलांचं नाव या गोष्टीत कुठे येत नाही हे त्यांचं नशीब समजावं.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो. रस्त्याकडच्या खोलीत आत्या, तिचं पायमशीन आणि अंथरुणाला खिळलेली आजी. आत्याने लग्न केलं नव्हतं. त्यालाही ती नाहीच म्हणाली होती. आजीचं सगळं तिने एकटीने केलं. बाबा दारातून डोकावून "कशी आहे?" विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जायचे. आजी गेली आणि आत्या मिटून गेली. बोलेना, जेवेना. कापड बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि चिंध्यांचा ढीग मांडीवर घेऊन त्यातली एकेक चिंधी सरळ करत राहिली. मी खाली वाकून हाक मारली की माझ्याकडे बघायची, पण ओळख नसल्यासारखं.

बाबांनी तिला गावाबाहेरच्या मनोरुग्णालयात नेलं. तेव्हा ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. औषधाने म्हणा, झोपेने म्हणा, काही महिन्यांत ती टेबलाखालून बाहेर आली. म्हणजे मनाने बाहेर आली. तिथल्या शिवणखोलीत काम करायला लागली, चादरी, उशांचे अभ्रे, नर्सबायकांचे एप्रन. भेटीच्या दिवशी मी गेले तर मला म्हणाली, "इथे सगळं उलटं आहे बघ. कात्री साखळीने टेबलाला बांधलीय. म्हणजे कात्री कापडाकडे जात नाही, कापडाला कात्रीकडे जावं लागतं." आणि हसली. मी तिथेच रडले. आत्या परत आली होती.

वॉर्डाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी बाबांना बोलावून सांगितलं, "घेऊन जा हिला. आता हिला काही झालेलं नाही. शिवणकाम करू द्या, चार माणसांत राहू द्या." बाबा म्हणाले, "बघतो."

ते काय बघत होते ते मला ठाऊक होतं. आत्याच्या खोलीत त्यांनी स्वतःची बैठक थाटली होती. आरामखुर्ची, रेडिओ, पेपर ठेवायला तिपाई. पायमशीन उचलून गॅलरीत ठेवलं होतं आणि त्यावर कुंड्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो आमच्या घरात रोज संध्याकाळी पाय पसरून बातम्या ऐकायचा. आई मूग गिळून बसलेली. मी काही बोलले तर, "तुला नाही कळत, तिथे तिची नीट काळजी घेतात."

ती काळजी कशी घेतात तेही सांगते. वॉर्डावर एक मुख्य नर्स होती, तिला सगळे मोठी बाई म्हणायचे. दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर निदान तिच्यावर रागावता तरी आलं असतं. तिच्यावर कामाचा डोंगर होता आणि तो उपसायची तिची एक रीत होती. संध्याकाळी ती फेरीवर निघाली की बायकांनी आपापल्या खाटेपाशी उभं राहायचं, हात पुढे जुळवून, नजर खाली. मोठी बाई न थांबता विचारत जायची. जेवलीस? हो. गोळी घेतलीस? हो. काल झोप लागली? हो. बरं वाटतंय? हो. पुढची.

कोणी चुकून "नाही" म्हटलं तर फेरी अडायची. जेवली नाही म्हणजे नळी. झोप लागली नाही म्हणजे सुई. बरं वाटत नाही म्हणजे थेट पलीकडचा वॉर्ड, ज्याच्या खिडक्यांना दुहेरी गज होते. बायका वेड्या असतील, पण एवढं न कळण्याइतकं कोण वेडं असतं? नव्या आलेल्या बाईला जुनी बाई पहिल्याच दिवशी कानात सांगायची, "हो म्हण गं. काही विचारलं तरी हो म्हण." आत्या बोलायला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिला दोन वेळा सुई बसली होती. तिसऱ्या वेळी ती शिकली. आणि आत्या एकदा काही शिकली की ते पक्कं, काळ्या दगडावरची रेघ.

मग तिथे कॉम्प्युटर आला.

आता प्रत्येकाच्या खिशात तसलं काहीतरी असतं, पण त्या वेळी कॉम्प्युटर म्हणजे काय हे आमच्यापैकी कोणी पाहिलंही नव्हतं. एका प्राध्यापकांनी तो खटपट करून मिळवला होता. मानसशास्त्राचे मोठे विद्वान, परदेशात जाऊन आलेले, गोरेगोमटे, बोलताना चष्म्याची काडी दाताखाली धरायचे. रुग्णालयाची सगळ्यात चांगली खोली, ज्यात पूर्वी बायका दुपारी उन्हाला बसायच्या, ती रिकामी करून मध्ये काचेची भिंत घातली. आत गारवा करणारं यंत्र लावलं. वॉर्डात पंखे बंद पडलेले होते, ते तसेच राहिले. कपाटाएवढं ते धूड काचेपलीकडे घुमत बसायचं आणि अलीकडे एका टेबलावर काळा पडदा आणि टाइपरायटरसारखी बटणं.

त्या धुडाला धूळ चालत नव्हती, म्हणून झाकायला कापडी खोळ हवी होती. ती शिवायचं काम आत्याकडे आलं. ती टेप घेऊन गेली, गिऱ्हाइकाचं घेतात तसं त्याचं माप घेतलं, आणि दुहेरी शिवणीची, कडेला निळी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावलेली खोळ शिवून दिली. मला म्हणाली, "फार सोपं गिऱ्हाईक. खांदे नाहीत, पोट नाही, आणि घट्ट झालं म्हणून कुरकुर नाही." ज्या बाईच्या तोंडून हे वाक्य निघालं तिला वेडी ठरवायला पुढे त्याच गिऱ्हाइकाला बसवलं.

प्राध्यापकांची योजना अशी होती की ज्यांना घरी सोडायचा विचार आहे अशा प्रत्येकाची कॉम्प्युटरवर चाचणी घ्यायची. पडद्यावर एकेक वाक्य येणार. पटलं तर एक बटण, नाही पटलं तर दुसरं. अशी शेकडो वाक्यं झाली की यंत्र सगळ्याचा हिशेब करून अहवाल छापणार. म्हाताऱ्या डॉक्टरांचं मत आता विचारायचं कारण उरलं नाही. पहिल्या दिवशी नातेवाइकांना प्रात्यक्षिक बघायला बोलावलं होतं. बाबा गेले, मी हट्टाने बरोबर गेले. तेव्हा मी कॉलेजात होते.

प्राध्यापकांनी छोटं भाषण केलं. "डॉक्टर हा माणूस असतो. तो थकतो, त्याला दया येते, त्याला कंटाळा येतो. यंत्राला यातलं काही होत नाही. म्हणून यंत्र खरं सांगतं." बाबा अशी मान हलवत होते की मला त्यांच्या मानेचाही तिटकारा आला.

मग आत्याला आणलं. बटणांवर पुठ्ठा बसवला होता, त्याला दोनच भोकं. एका बटणावर हिरवा कागद चिकटवलेला, दुसऱ्यावर लाल. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. आणि तिला सगळं समजावून द्यायला शेजारी खुर्ची टाकून कोण बसलं? मोठी बाई. संध्याकाळची फेरी घेणारी, गळ्यात शिट्टी अडकवलेली मोठी बाई. तिच्या हाताखाली अजून तेरा-चौदा बायका रांगेत उभ्या होत्या. ती म्हणाली, "चला, पटापट दाबा."

आत्या खुर्चीवर बसलीच नाही. खाटेपाशी उभं राहतात तशी उभी राहिली, नजर खाली. पडद्यावर वाक्य आलं. मोठ्या बाईने ते फेरीतल्या सुरातच वाचलं.

"मला बहुधा शांत झोप लागते."

हिरवं.

"भिंतीतून मला कोणीतरी हाका मारतं."

हिरवं.

"माझ्या जेवणात काहीतरी मिसळलं जातं असा मला संशय आहे."

हिरवं.

"मला कोणाबद्दलही संशय येत नाही."

हिरवं.

मी बाबांचा हात धरला. ते बघत होते, पण आत्याकडे नाही, त्या पडद्याकडे. "इतरांना इजा करावी असं मला वाटतं." हिरवं. "मी कधी मुंगीही मारलेली नाही." हिरवं. मोठी बाई तर खूश. एवढी भराभर दाबणारी बाई मिळाली म्हणजे रांग लवकर संपणार. आत्याचं बोट हिरव्या कागदावर शिवणयंत्राच्या सुईसारखं वरखाली होत होतं. जी बाई कापड अपुरं आहे म्हणून परत पाठवायची, तिने त्या खोलीत एकदाही लाल बटणाला हात लावला नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो सर, ती सगळ्यालाच हो म्हणतेय. काहीही विचारलं तरी हो. वॉर्डात त्यांना तसंच शिकवलंय."

प्राध्यापकांनी काडी दातातून काढली. "मुली, तुझी माया मी समजू शकतो. पण हजारो माणसांच्या उत्तरांशी ताडून बघणारं यंत्र आहे हे. त्याला शिकवलेलं आणि खरं यातला फरक कळतो."

त्याला काडीचा कळत नव्हता. घरघर करत कडेला भोकं असलेला लांबच लांब कागद बाहेर आला. प्राध्यापकांनी तो वाचला. गंभीर विकार. संशयी वृत्ती. इतरांना धोका संभवतो. घरी सोडण्यास अयोग्य. आत्या तिथेच उभी होती. मोठ्या बाईने तिला विचारलं, "झालं, कळलं ना?" आत्या म्हणाली, "हो."

बाबांनी तिला तिथेच ठेवायच्या कागदावर सही केली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मी काय करणार? तिने स्वतःच्या बोटाने दाबलंय." त्यांच्या चेहऱ्यावर सुख होतं, परीक्षा रद्द झाल्यावर मुलांच्या तोंडावर येतं तसलं. त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओ नेहमीपेक्षा मोठा लावला.

त्यानंतर वर्षं गेली. पालक म्हणून सही बाबांची होती आणि फाइलला तो अहवाल जोडलेला होता, त्यामुळे मी कितीही आदळआपट केली तरी पालथ्या घड्यावर पाणी. म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले. मी शाळेत शिकवायला लागले, घर सोडलं, स्वतःच्या दोन खोल्या केल्या. दर महिन्याला आत्याला भेटायला जायची. ती शिवत असायची, पण हळूहळू तिचं बोलणं आटलं. "बरी आहेस का?" हो. "काही हवंय का?" हो. "काय हवंय?" यावर मात्र थांबायची, विचार करायची आणि म्हणायची, "बारीक सुया आण. इथल्या सुया म्हणजे दाभण आहेत." तेव्हा मला उमगलं. हो-नाहीचा प्रश्न आला की वॉर्ड उत्तर द्यायचा. काय, कुठे, कसं विचारलं की आत्या उत्तर द्यायची. मग मी तिला हो-नाहीचं विचारणंच बंद केलं.

एके दिवशी शाळेच्या शिक्षक-खोलीत कोणीतरी टाकून गेलेलं मासिक चाळत होते. त्यात आमचे प्राध्यापक, पानभर फोटो. मागे ते धूड, आणि त्यावर खोळ. निळी उरेब पट्टी मी ओळखली. खाली मुलाखत. एका महत्त्वाच्या शोधाबद्दल त्यांना मानसन्मान मिळाला होता. शोध काय? तर रुग्णालयातली माणसं कॉम्प्युटरच्या प्रश्नांना बरंवाईट न बघता होकार देत सुटतात, म्हणून नुसत्या होकारांवरून निदान करणं चुकीचं आहे. आणि हे त्यांना कसं सुचलं ते त्यांनी खुसखुशीत शब्दांत सांगितलं होतं. "एक बाई होती, तिने यच्चयावत प्रश्नांना हो म्हटलं. मी मुंगीही मारत नाही, हो. मला माणसं मारावीशी वाटतात, हो. आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण त्या हसण्यातूनच मला किल्ली सापडली." मुलाखत घेणाऱ्यानेही कंसात 'हशा' असं लिहिलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसलो म्हणे. आणि हसून झाल्यावर? त्या बाईचं काय झालं, हा प्रश्न ना त्या मुलाखत घेणाऱ्याला पडला ना त्या शहाण्याला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. इथे तर बाई जिवंत होती.

मी त्यांच्या ऑफिसात गेले. गालिचा, पुस्तकं, काचेच्या कपाटात मानचिन्हं. मी सांगितलं की ती बाई माझी आत्या. त्यांना मी आठवले नाही. पण त्यांचे डोळे चमकले.

"अरे वा! म्हणजे त्या अजून तिथेच आहेत?"

"तुमच्याच अहवालामुळे."

"छान, छान. म्हणजे, तसं नव्हे," ते म्हणाले, "पण बघा ना, इतक्या वर्षांनी त्यांची पुन्हा चाचणी घेता आली तर केवढी मौल्यवान तुलना होईल. तुम्ही परवानगी द्याल का?"

"आधी तो अहवाल चुकीचा होता असं लिहून द्या."

ते खुर्चीत जरा सरकले. "त्याचं असं आहे, बाई. संशोधन वेगळं आणि रुग्णालयाची फाइल वेगळी. जुने अहवाल एकेक करून बदलत बसलो तर रुग्णालयाची किती नाचक्की होईल. आणि ते माझ्या हातात नाही." हात झटकले ते असे, की बोटाला शाई लागू नये. त्यांनी मला चहा विचारला. त्या माणसाच्या कपाला ओठ लावायची कल्पनाही मला सहन झाली नाही. मी मासिक उचललं आणि निघाले.

तिथून बाबांकडे गेले. मासिक त्यांच्या तिपाईवर ठेवलं आणि सांगितलं, "पालक म्हणून माझं नाव घाला. सही करा, नाहीतर ही मुलाखत मी तुमच्या सगळ्या नातलगांना आणि शेजाऱ्यांना वाचून दाखवीन, आणि ती बाई कोण तेही सांगेन." लोक काय म्हणतील या एका देवाला ते भ्यायचे. सही केली. आरामखुर्चीतून उठलेही नाहीत.

राहता राहिले रुग्णालयाचे अधीक्षक. नवे होते, त्यातल्या त्यात बरे. त्यांनी मुलाखत वाचली, फाइल वाचली, कपाळ चोळलं. म्हणाले, "अहवाल मी बाजूला ठेवतो. पण इतकी वर्षं आत असलेल्या बाईला मी एकदा स्वतः विचारल्याशिवाय सोडू शकत नाही." आत्याला बोलावलं. ती आली आणि टेबलासमोर उभी राहिली, हात पुढे जुळवून. दारात मोठी बाई, आता केस पांढरे झालेली.

"तुम्हाला घरी जायचं आहे का?" अधीक्षकांनी विचारलं.

"हो."

माझ्या जिवात जीव आला. पण तो माणूस हुशार होता. त्याने थोडं थांबून विचारलं, "की इथेच राहायचं आहे?"

"हो."

अधीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मला ओरडावंसं वाटलं, की अहो, मुलाखत वाचलीत ना, मग पुन्हा तेच हिरवं-लाल का करताय? पण त्यांच्यावर ओरडून आत्या सुटणार नव्हती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्या, माझ्याकडे दोन खोल्या आहेत. तुझं मशीन कुठे ठेवू?"

तिने जुळवलेले हात सोडले आणि वितीने टेबलाची कड मापून पाहिली. मोठी बाई दारातून म्हणाली, "बोल पटकन." मी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती मागे सरली.

"खिडकी कुठे आहे?" आत्याने विचारलं.

"पुढच्या खोलीत. रस्त्याकडे."

"मग तिथेच ठेव. आडवं ठेव, म्हणजे उजेड डावीकडून येईल. समोरून आला तर डोळ्यांवर येतो." मग तिने मान वर केली. "पण ते चालणार आहे का? त्या माणसाने ते गॅलरीत टाकलं असेल, त्याचा पट्टा कुजला असणार. चामड्याचा पट्टा घे, प्लास्टिकचा नको, तो ताणतो. आणि तेल मी आल्याशिवाय घालू नकोस, तुम्ही लोक भसाभस ओतता."

अधीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. मला त्यांच्याबद्दल एवढं एकच बरं म्हणता येईल की त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

आत्या माझ्याकडे आली. बाबांच्या गॅलरीतून मशीन आणलं, तर पट्टा खरोखरच कुजला होता. चामड्याचा आणला, तेल तिने घातलं, थेंब थेंब. सुरुवातीला मी खोलीत गेले की ती उठून उभी राहायची. हळूहळू ते कमी झालं. शेजारच्या बायका पडदे, अभ्रे, मग अंगावरचे कपडे घेऊन यायला लागल्या. कोणी काही विचारलं की आत्याचं "हो" ठरलेलं, मग ते जमणारं असो वा नसो. मी बायकांना शिकवून ठेवलं होतं, "होईल का विचारू नका. कसं करायचं ते विचारा." तरी एक जाडजूड बाई आली, तिने हातभर कापड टेबलावर टाकलं आणि नेहमीसारखं विचारलंच, "एवढ्यात होईल ना हो?" मी स्वयंपाकघरात होते. आत्याने कापड उचललं, टेप लावली, त्या बाईकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"नाही," आत्या म्हणाली. "यात तुमची एक बाही होईल."

बाई तणतणत गेली. मी दरवाजाला टेकून हसत होते आणि रडतही होते. आत्या म्हणाली, "हसतेस काय, खडू दे."

त्यानंतर ती बऱ्याच गोष्टींना नाही म्हणायला लागली. माझ्या आवडत्या रंगाला, शेजारणीच्या नुसत्या गप्पांना, दुपारच्या रेडिओला. घरात कोणी इतक्या वेळा नाही म्हणावं आणि मला ते इतकं गोड वाटावं, असं आयुष्यात पुन्हा झालं नाही.

मग बाबा आले. आई गेल्यावर ते एकटे पडले होते, तब्येत खचली होती, जिना चढून दम लागला होता. त्यांना म्हणे झोप लागत नव्हती. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आत्या खिडकीपाशी शिवत होती. तिने मान वळवली नाही, पायही थांबवला नाही. बाबा बराच वेळ त्या मशीनचा आवाज ऐकत बसले. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "चुकलं माझं. त्या यंत्रावर विश्वास ठेवला. आता माझे थोडे दिवस राहिलेत." आणि खुर्चीतून पुढे वाकून त्यांनी विचारलं, "तू मला माफ केलंस ना गं?"

मशीन थांबलं.

आत्या स्टुलावरून उठली. चिंध्या मांडीवरून खाली पडल्या, त्या तिने उचलल्या नाहीत. ती सरळ उभी राहिली, हात पुढे जुळवले, नजर फरशीवर.

"हो," ती म्हणाली.

बाबांनी डोळे पुसले. त्यांचा चेहरा मोकळा झाला, तोच चेहरा, त्या दिवशी कागदावर सही करून बाहेर आल्यावरचा. त्यांना पुढे काही विचारावंसं वाटलं नाही. पुढे मरेपर्यंत ते भेटेल त्याला सांगत राहिले की बहिणीने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलं. त्या दिवशी ते काठी टेकत जिना उतरून गेले, खालचं दार वाजलं, आणि त्यांची पावलं रस्त्यावर दूर गेल्यावरच आत्या पुन्हा स्टुलावर बसली.